नाव न घेता केलेली प्रार्थना

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी दारू पीत नाही. कधी प्यायलेही नाही. आजारपणाविषयी लिहायला बसलेली बाई पहिलं वाक्य असं लिहीत नाही, हे मला कळतं. पण माझ्या आजाराची गोष्ट डॉक्टरांकडे पोचायच्या आधी लोकांच्या तोंडी पोचली, आणि तिथे त्याचं नाव दारू असं पडलं. खरं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. उच्चारायला अवघड आहे, आणि ज्याला तो होतो त्याला तर जास्तच, कारण जीभच वळत नाही.

ज्यांची पापणी संध्याकाळ झाली की आपोआप खाली येते, बोलता बोलता ज्यांचा आवाज नाकात जातो, ज्यांना घरचे "झोप झाली नाही का?" एवढंच विचारत राहतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

सकाळची मी, संध्याकाळची मी

मी करुणा. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते, राहते डोंबिवलीला. आम्ही ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. सासरे नोकरीसाठी कल्याणला आले, पुढे आम्ही डोंबिवलीत घर घेतलं, पण चर्च कल्याणचंच राहिलं. नवरा विनय ठाण्यात सरकारी नोकरीत, मुलगा बंगळूरला. लग्न झाल्यापासून मी चर्चच्या गायनमंडळात गाते, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, लागणारा द्राक्षारस आमच्याच घरी होतो. काळे मनुके उकळायचे, गाळायचे, साखर घालायची. आधी सासूबाई करायच्या, त्यांच्या मागे मी. त्यात दारूचा थेंब नसतो. पण बाटल्या शेवटी बाटल्यांसारख्याच दिसतात.

आधी डावी पापणी पडायला लागली. सकाळी मी ठणठणीत असायची, पहिले तास वर्ग दणाणून सोडायची. दुपार झाली की फळ्यावरच्या एका ओळीच्या दोन व्हायच्या. संध्याकाळी जीभ जड. चहाचा घोट नाकातून परत यायचा. जिना उतरताना पायऱ्या दुप्पट दिसायच्या, मग मी भिंत धरून उतरायची. हसायला गेले तर ओठ वर जायचे नाहीत, नुसते दात दिसायचे, आणि समोरच्याला वाटायचं ही आपल्यावर खेकसतेय. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी थकवा म्हटलं, मग पाळी जायचं वय म्हटलं. माझ्या वयाच्या बाईला काहीही झालं तरी ते त्या वयाचंच असतं.

आता तुम्हीच बघा. सकाळी धडधाकट, संध्याकाळी पाय लटपटतात, डोळे अर्धे मिटलेले, शब्द एकात एक. गाण्याच्या घशासाठी तोंडात कायम लवंग. घरात बाटल्या. आणि वर ख्रिस्ती! आमच्याबद्दल सिनेमांनी आधीच सगळं सांगून ठेवलेलं आहे. शाळेतलं कुणी काही बोललं असतं तर मी समजून घेतलं असतं. शाळेतलं कुणी बोललं नाही. बोलली ती आमची माणसं.

प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीत दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. शेवटी ज्याने त्याने आपापले विषय सांगायचे. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचा गुडघा. विषय नाजूक असेल तर नाव घ्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. रीत चांगलीच आहे. फक्त कधी कधी नाव गाळलं की चहाडीची प्रार्थना होते, आणि मग तिला कुणी नावं ठेवू शकत नाही.

त्या दिवशी सभा शीलाकडे होती. शीला माझी जवळची मैत्रीण. गायनमंडळात आम्ही दोघी एका पुस्तकात बघून गातो. माझ्या बाळंतपणात आईच्या जागी तीच होती. तिने मान खाली घालून सांगितलं, "एका भगिनीसाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही. चांगल्या घरातली आहे, पण बाटलीच्या नादी लागलीये. घरच्यांना फार त्रास होतोय."

मला खरंच वाईट वाटलं. कोण असेल बिचारी, असं मनात आलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, विचारलं, "कोण प्रार्थना करील?" कुणीच पुढे येईना. असं झालं की मला राहवत नाही. शिक्षिकेची सवय, वर्ग गप्प बसला की उत्तर आपणच द्यायचं.

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. दयाळू बापा, त्या बहिणीला हात दे. तिच्या ओठांपासून तो प्याला दूर कर. तिच्या नवऱ्याला धीर दे. मनापासून बोलत होते, पण दिवस कलला होता आणि जीभ माझं ऐकत नव्हती. शेवटी शेवटी तर 'प्रभू' हा शब्दही धड उमटेना. माझं आमेन झालं, बाकीच्यांचं जरा उशिराने आलं. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. शीलाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने माझा हात दाबला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. किती हळवी आहे ही, असं मला वाटलं.

नंतर पोहे आले. चावून चावून जबडा दुखला, तेव्हा मी बशी अर्धीच ठेवली.

दोन विनय

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला तसा शीलाचा फोन आला. "या वेळी द्राक्षारस तू नको करू. तुझी तब्येत बरी नसते. आम्ही बाहेरून आणू." मी तिचे आभार मानले.

आमच्याकडे प्रभुभोजनाला रांगेने पुढे जाऊन वेदीजवळ गुडघे टेकतात. पाळक आधी भाकर देतात, मग ट्रेमधून छोटे छोटे काचेचे पेले. पापण्यांखालून दिसावं म्हणून मी हनुवटी वर करून बसले होते. पाळकसाहेब माझ्यापुढे आले, वाकले आणि हळूच म्हणाले, "करुणाताई, तुम्ही आज नुसता आशीर्वाद घ्या." डोक्यावर हात ठेवला. ट्रे पुढे गेला.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांना सांगते, ही शिक्षा असते. उघड पापात असलेल्या माणसाला प्रभुभोजन नाकारतात. कुणी काही जाहीर करत नाही, पण सगळी मंडळी बघते आणि सगळ्यांना कळतं. मी विनयकडे पाहिलं. मला तेव्हा एकाचे दोन दिसत होते. दोन्ही विनयनी पेला तोंडाला लावला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मी काय केलंय?" तो रिक्षा शोधायला लागला. "तू आधी बरी हो," एवढंच म्हणाला.

बर्फ

आजाराचं नाव कळलं ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. शाळेजवळच त्यांचा दवाखाना आहे. विनय सोबत होता. बाईंनी मला छताकडे बघत राहायला सांगितलं. थोड्याच वेळात दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. त्यांनी फ्रीजमधून बर्फ आणला, कापडात गुंडाळून डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने काढला, तर पापणी वर! त्या क्षणी मला हसू आलं, म्हणजे दात दिसले.

बाई म्हणाल्या, डोळा चांगला आहे, नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाहीये. रक्ताची तपासणी लिहून दिली, मेंदूविकाराच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

विनय माझ्या पापणीकडे बघत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे... खरंच आजार आहे?"

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?" बाईंनी सहज विचारलं.

तो तपासणीच्या चिठ्ठीची घडी घालू लागला. मला मात्र उत्तर मिळालं.

दवाखान्याच्या पायरीवरच मी त्याला थांबवलं. भर बाजारात, येणारे जाणारे बघताहेत, तरी थांबवलं. मग त्याने सांगितलं. बाटल्या बघून त्याला शंका आली होती. मला विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून शीलाला म्हणाला, तू मैत्रीण आहेस, तू बोल तिच्याशी. शीला माझ्याशी बोलली नाही. ती परमेश्वराशी बोलली, सगळ्या मंडळीसमोर.

"म्हणजे त्या सभेतली ती बाई..."

"हो."

"आणि मी प्रार्थना करत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"मी तुझ्या शेजारीच बसलेलो, करुणा," तो म्हणाला आणि रडायला लागला.

लोक विचारतात, आजाराचं नाव ऐकून धक्का बसला असेल ना? बसला. पण आजाराच्या नावाचा नाही. मी स्वतःच्या तोंडाने, भर सभेत, स्वतःला दारुडी ठरवून आले होते, आणि माझ्या नवऱ्याने त्याला आमेन म्हटलं होतं.

तोंड दाबून

गोळ्या सुरू झाल्या, पण अंगाला लागायच्या आधीच साध्या सर्दीने घात केला. श्वास छातीत उतरेनासा झाला. ठाण्यात, माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात मला नेलं आणि घशात नळी घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी आयसीयूत शब्दशः खाल्ला.

तिथली दिनचर्या म्हणजे अंग पुसणं, नळीतला कफ ओढणं, एक्सरे, सुया, आणि दिवे कायम चालू. कफ ओढताना जीव जातो असं वाटतं. जात नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगते. माझ्या पापण्या उघडायच्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं मी झोपलेय, आणि लोक माझ्या अंगावरून गप्पा मारायचे. एकच सिस्टर होती, ती बोलायच्या आधी बोटाने माझी पापणी हलकेच उचलायची. "ताई, मी आहे, बघा," म्हणायची, आणि मग काय करणार आहे ते सांगायची. त्या मुलीचं मी देवापाशी रोज नाव घ्यायचे. नाव घेऊन.

मरणाची भीती होती, खोटं कशाला सांगू? पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आता गेले तर मंडळी म्हणेल, शेवटी दारूनेच नेलं. तोंडाने चांगलंच बोलतील, शवपेटीवर फुलं ठेवतील, आणि घरी जाताना एकमेकांकडे बघतील. मला जगायचं होतं ते निदान हे खोडून काढण्यासाठी.

पाळकसाहेब आणि शीला भेटायला आले. पाळकसाहेबांनी पलंगाशी उभं राहून माझ्या पापांच्या क्षमेसाठी प्रार्थना केली. मी सगळं ऐकत होते. संडे स्कूलच्या मुलांना मी वर्षानुवर्षं हन्नाची गोष्ट शिकवली आहे. ती मंदिरात दुःखाने प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे. पण हन्नाला उत्तर देता आलं. मी प्यायलेली नाही महाराज, मी दुःखी आहे, असं ती सांगू शकली. आणि तो म्हातारा याजक निदान तिच्या तोंडावर बोलला होता. माझे ओठही हलत नव्हते. पुढे तिचाच मुलगा शमुवेल इस्राएलचा राजा निवडायला गेला, तेव्हा तोही भावांमधल्या थोरल्याच्या उंचीला भुललाच. देवाने त्याला बजावलं, माणूस वरचं रूप बघतो, मी आतलं बघतो. हे सगळं आमच्या चर्चमधल्या लहान पोरांनाही पाठ आहे. मी तिथे पडून देवाला म्हणाले, तू आतलं बघतोस ते ठीक, पण जरा त्यांनाही सांग ना.

विनयने त्यांना बाहेर नेऊन आजाराचं नाव सांगितलं, असं मला नंतर कळलं.

पेज

नळी निघाली आणि मी वॉर्डात आले, तेव्हा पहिलं घरचं अन्न आणलं ते शेजारच्या कदमकाकूंनी. काकू रत्नागिरीकडच्या, दत्ताचं सगळं करणाऱ्या. मी आजारी पडल्यापासून अधूनमधून आमटी-भाजी आणून द्यायच्या. माजिवड्यापर्यंत त्या पेजेचा डबा घेऊन आल्या आणि मला चमच्याने भरवायला बसल्या. आवाज थोडा थोडा परत येत होता. मी विचारलं, "काकू, तुम्हालाही वाटायचं का, मी पिते म्हणून?"

त्यांचा चमचा थांबला नाही. "वाटायचं की. खोटं कशाला बोलू? जिन्यात धरून धरून चढायचीस."

"मग तेव्हा जेवण का आणायचात?"

"अगं, पिणाऱ्याला काय भूक लागत नाय?" काकू म्हणाल्या. "उलट त्यालाच कोण वाढत नाय. गिळ आता, सावकाश."

मी पेज गिळली आणि पोटभर रडले. काकूंना वाटलं पेज गरम आहे.

घरी

आता व्यवहाराचं थोडं. गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्या, बरं वाटतंय म्हणून टाळू नका. जेवण गोळीचा असर चढल्यावर, घास मऊ आणि लहान. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या, तरी आधी आजाराचं नाव सांगा, कारण काही औषधं आपल्याला चालत नाहीत. महत्त्वाचे फोन सकाळी करा. दुपारी निर्लज्जपणे झोपा. स्टेरॉइडने चेहरा भाकरीसारखा फुगतो आणि लोक म्हणतात, "छान भरलीस गं!" म्हणू द्या.

घरच्यांविषयी काय सांगू? विनयने रजा काढली, माझं जेवण कुस्करलं, केस धुतले. माफी मागितली, एकदा नाही, खूपदा. त्याच्या सेवेत मला खोट दिसली नाही. तरी तो प्रेमाने जवळ आला की माझं अंग आक्रसायचं. मी त्याला सरळ सांगितलं, "वेळ लागेल. किती लागेल ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत." त्याने मान हलवली. अजून वेळ लागतोच आहे.

मग एक दिवस सकाळी शीला सफरचंदं घेऊन आली. गळ्यात पडली. "आम्हाला काय माहीत गं, आजार आहे ते? दिसत तसंच होतं."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तिच्यापुढे कशाला म्हणू? मी वेगळंच विचारलं. "आणि खरंच पीत असते तर, शीला?"

"तर मग..." ती अडखळली. "तर गोष्ट वेगळी होती ना."

तिला माझी माफी हवी होती, कारण माझ्या बाबतीत तिची चूक झाली होती. मी खरंच पिणारी निघाले असते तर माफीचं काही कारणच नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि ती माझ्या किती कमी कामाची होती ते मला त्या सकाळी दिसलं. सफरचंदं मी कदमकाकूंकडे पाठवली.

साक्ष

पाळकसाहेबांचा फोन आला. प्रभुभोजनाच्या रविवारी मी साक्ष द्यावी अशी त्यांची इच्छा होती. देवाने बरं केलं की आमच्यात मंडळीपुढे उभं राहून ते सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. "मंडळीच्या प्रार्थनांनी तुम्ही उठलात, ते सांगा," ते म्हणाले. मी होकार दिला.

उपासना सकाळची, त्यामुळे जीभ माझ्या बाजूने होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "शीलाकडच्या सभेत ज्या बाईसाठी तुम्ही प्रार्थना केली, ती मी. प्रार्थना मीच केली होती, कुणी मला थांबवलं नाही. मी पीत नव्हते. आजाराचं नाव तुम्हाला कळलंय, आता माझं नाव साफ झालं असं तुम्ही समजाल. पण मला एक विचारायचंय. मी पीत असते, तर मला प्याला लागला नसता का? जास्तच लागला असता. प्रभू कसल्या कसल्या पापी माणसांच्या पंगतीला बसला ते आपण दर रविवारी वाचतो. बरं केलं त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. तुमचे मला अजून मानता येत नाहीत."

कुणी आमेन म्हटलं नाही. शीला पुस्तक चाळत राहिली. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला.

आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर शांतवनकाका बसतात. ते पितात. सगळ्यांना माहीत आहे. प्रभुभोजनाचं गीत सुरू झालं की ते आपण होऊन व्हरांड्यात जाऊन उभे राहतात, म्हणजे कुणाला त्यांना नाही म्हणायची वेळ येत नाही. त्या रविवारी ते बाहेर गेले नाहीत. सगळ्यांच्या मधून चालत पुढे आले आणि वेदीपाशी माझ्या शेजारी गुडघे टेकले. वास येत होता.

पाळकसाहेब ट्रे घेऊन आले. विनयने आपला पेला घेतला आणि पिऊन टाकला. मला त्यांनी स्वतः उचलून दिला, दोन्ही हातांनी, चेहऱ्यावर ओशाळेपण घेऊन. मग ट्रे शांतवनकाकांच्या डोक्यावरून पलीकडे गेला. पलीकडे शीला होती. तिने आपला पेला घेतला.

काका मान खाली घालूनच होते. त्यांना याहून वेगळं काही होईल असं वाटलंच नसावं. मी माझा पेला त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लगेच तोंडाला लावला नाही. माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

"पोरी, आणि तुला?"

"मला मिळाला, काका," मी म्हटलं.